मासळीची गाडी आणि मॅड संडे

हेडफोन लावलेत? बाइक चालवता चालवता ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. हा भाग तरी थांबूनच ऐका, कारण विषयच तसा आहे.

आज आपण बाइकबद्दल बोलणार आहोत. कुठली घ्यावी, मायलेज किती, ईएमआय किती बसेल, यातलं काही नाही. आज इतिहास. एका वीकेंडचा इतिहास म्हणा हवं तर.

कल्पना करा. शुक्रवारी रात्री तुम्ही बाइक बोटीत चढवलीय. बोटीच्या पोटात शेकडो बाइक दोरखंडांनी बांधून ठेवल्यात. सकाळी एका बेटावर उतरता. शनिवारी रस्त्याकडेच्या दगडी कुंपणापाशी बसून जगातली सगळ्यात धोकादायक मानली जाणारी बाइक शर्यत बघता. रायडर तुमच्यापासून काही फुटांवरून ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर वेगाने जातो. आणि रविवारी? रविवारी त्याच रस्त्यावर, त्याच वळणांवर, तुम्ही स्वतः राइड करता. तुमच्यासोबत हजारो बाइकवाले. डोंगर, धुकं, मेंढ्या, खाली समुद्र.

बेटाचं नाव आइल ऑफ मॅन. शर्यतीचं नाव टुरिस्ट ट्रॉफी, म्हणजेच टीटी. आणि सराव आठवडा संपून शर्यतीचा आठवडा सुरू होताना येणाऱ्या त्या रविवाराला अनेक दशकांपासून नाव पडलंय, मॅड संडे. वेडा रविवार.

नाव ऐकून वाटेल, गोऱ्या लोकांची मजा, आपल्याला काय त्याचं. पण थांबा. या गोष्टीत एक मासळीची गाडी आहे. ती आपल्या ताम्हिणीत, वरंध्यात, माळशेजमध्येही दर रविवारी भेटते.

रस्ता बंद करायचा कायदा

आइल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं छोटंसं बेट. लोकसंख्या सुमारे 84 हजार. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण हे बेट युनायटेड किंगडमचा भाग नाही. राजा ब्रिटनचा, पण संसद स्वतःची. तिचं नाव टिनवॉल्ड, आणि ती हजार वर्षांहून जुनी मानली जाते. आपल्या गोष्टीचं मूळ या संसदेत आहे.

झालं असं, की 1903 मध्ये ब्रिटनने मोटार कायदा केला. वेगाची मर्यादा ताशी 20 मैल, म्हणजे साधारण 32 किलोमीटर. शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करायची तर सोयच नव्हती. तिकडे फ्रान्समध्ये रस्त्यांवर मोठमोठ्या शर्यती व्हायच्या आणि फ्रेंच गाड्या पुढे निघून चालल्या होत्या. ब्रिटिश मोटार क्लबचे सचिव ज्युलियन ऑर्ड 1904 च्या फेब्रुवारीत बेटावर गेले आणि तिथल्या सरकारला विचारलं, तुमचे रस्ते आम्हाला थोडा वेळ मिळतील का?

बेट हो म्हणालं. मार्च 1904 मध्ये टिनवॉल्डने कायदा केला, की शर्यतीसाठी ठरावीक वेळ रस्ते बंद करता येतील. बेटाला पर्यटक हवे होते, क्लबला रस्ता हवा होता. दोघांचं जमलं.

आधी मोटारी आल्या. 1905 मध्ये बाइकची पहिली शर्यत झाली, पण गंमत अशी की तेव्हाच्या बाइकना डोंगर चढवेनाच. म्हणून त्यांना दक्षिणेकडच्या सोप्या रस्त्यावर पाठवलं. आणि मग 28 मे 1907 ला पहिली बाइक टीटी झाली. सेंट जॉन्स नावाच्या गावातून 25 रायडर सुटले. या गावात टिनवॉल्डची टेकडी आहे. बेटावर झालेले नवे कायदे दर वर्षी तिथे जाहीर वाचून दाखवतात. म्हणजे कायदा जिथे वाचला जातो, त्याच्या शेजारूनच पहिली शर्यत सुटली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टुरिस्ट हा शब्द का?

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. शर्यतीच्या नावात टुरिस्ट कशाला? कारण आयोजकांना खास रेससाठी बनवलेल्या हडकुळ्या गाड्या नको होत्या. त्यांना हव्या होत्या साध्या माणसाने फिरायला न्याव्यात अशा बाइक. म्हणून नियमच केले: सीट हवी, मडगार्ड हवं, सायलेन्सर हवा. पेट्रोलवरही बंधन. एक सिलिंडरच्या गाडीने गॅलनला 90 मैल द्यायचे, दोन सिलिंडरच्या गाडीने 75. म्हणजे 'कितना देती है' हा प्रश्न 1907 च्या टीटीमध्येही होता!

त्या दिवशी 10 फेऱ्या झाल्या, सुमारे 254 किलोमीटर. मध्ये दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती. एक सिलिंडर गटात चार्ली कॉलिअर मॅचलेस बाइकवर जिंकला. त्याला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागला. सरासरी वेग ताशी 38 मैल, म्हणजे साधारण 61 किलोमीटर. आज आपली 110 सीसीची गाडी हायवेवर आरामात एवढी पळते. दोन सिलिंडर गटात रेम फाउलर जिंकला, नॉर्टन बाइकवर. तिचं इंजिन प्यूजो कंपनीचं होतं.

नॉर्टन हे नाव ओळखीचं वाटलं? वाटायला हवं. एप्रिल 2020 मध्ये आपल्या टीव्हीएस मोटारने 1 कोटी 60 लाख पौंडांना नॉर्टन ब्रँड विकत घेतला. पहिल्या टीटीचा एक विजेता ब्रँड आज भारतीय कंपनीच्या घरात आहे.

म्हणजे सुरुवातीला शर्यतीची गाडी आणि सहलीची गाडी एकच होती. रेसर आणि टुरिस्ट हे एकाच माणसाचे दोन रविवार होते.

डोंगर आला

1911 मध्ये शर्यत आजच्या मार्गावर आली. माउंटन कोर्स. एक फेरी 37.73 मैलांची, म्हणजे 60 किलोमीटरच्या थोडी वर. पुण्याहून लोणावळ्याला जायला जेवढं अंतर, जवळपास तेवढी एकच फेरी. दोनशेहून जास्त वळणं. रस्ता घरांच्या दारावरून, चर्चजवळून, पबसमोरून जातो आणि मग 621 मीटर उंच स्नेफेल डोंगराच्या कुशीतून वर चढतो. तेव्हा डोंगरावर डांबर नव्हतं. कच्चा रस्ता, आणि मेंढ्या पळू नयेत म्हणून मध्येमध्ये फाटकं. सकाळी सरावाला जो पहिला निघेल, त्याने ती फाटकं उघडत जायचं!

या चढाने बाइकची बनावट बदलली. पट्ट्यावर चालणारी, एकच गिअर असलेली बाइक इथे दम टाकायची. त्या वर्षी सीनियर टीटीमध्ये पहिले तिन्ही नंबर इंडियन बाइकनी नेले. नाही, आपल्या नव्हेत. इंडियन ही अमेरिकेतली कंपनी. त्यांच्या बाइकला दोन गिअर होते आणि चेन होती. तुमच्या गाडीला आज गिअरबॉक्स आहे, त्यामागच्या अनेक कारणांत हा डोंगरही एक आहे.

याच बेटामुळे आणखी एक गाडी घडली. 1954 मध्ये सोइचिरो होंडा यांनी जाहीर केलं की आम्ही टीटीमध्ये उतरणार. तेव्हा जगात होंडाला कोण ओळखत होतं? 1959 मध्ये त्यांचा संघ 125 सीसी गटात आला. नाओमी तानिगुची सहावा आला आणि संघाचं बक्षीसही होंडाला मिळालं. दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, माइक हेलवूडने होंडावर 125 आणि 250 सीसी अशा दोन्ही टीटी जिंकल्या. पुढे हीच कंपनी 1984 मध्ये भारतात हिरोसोबत आली आणि आपल्या बाबा-काकांच्या पिढीला सीडी 100 मिळाली. बेट लांबचं आहे, पण आपल्या पार्किंगपर्यंत पोचलेलं आहे.

आजचा वेग सांगतो, म्हणजे अंदाज येईल. 2023 मध्ये पीटर हिकमनने एक फेरी 16 मिनिटं 36 सेकंदांत पूर्ण केली. सरासरी ताशी 219 किलोमीटर. सरासरी! यात गावातली अरुंद वळणंही आली, हेअरपिनही आली. पुणे ते लोणावळा 17 मिनिटांच्या आत, जुन्या हायवेसारख्या रस्त्याने. विचार करा.

आणि आता मासळीची गाडी

आता मुद्द्यावर येऊ. शर्यतीच्या वेळी रस्ता बंद असायचा, कायदाच होता. पण सरावाचं काय? सराव पहाटे व्हायचा, आणि रस्ता उघडाच असायचा! म्हणजे समोरून दूधवाला येणार, शेतकरी येणार, आणि रायडर मात्र रेसच्या वेगात. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर. आणि बग सापडला की माणूसच जायचा.

1927 च्या जून महिन्यात आर्ची बर्किन नावाचा रायडर सरावाला निघाला होता. कर्क मायकल गावाजवळच्या वळणावर समोर मासळीची गाडी आली. ती टाळताना तो कोसळला आणि गेला. त्या वळणाला आजही बर्किन्स बेंड म्हणतात. पुढच्याच वर्षापासून, 1928 पासून, सरावालाही रस्ता बंद करायला सुरुवात झाली.

या घटनेत मासळीवाल्याची चूक काय होती? काहीच नाही. तो आपल्या रोजच्या रस्त्याने, रोजच्या कामाला चालला होता. त्याने कुठल्या शर्यतीत नाव दिलं नव्हतं. शर्यत त्याच्या अंगावर आली.

टीटीचा पुढचा सगळा इतिहास मला याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: धोका कोणी पत्करलाय, आणि कोणावर लादलाय?

धोका तर प्रचंड आहे, त्यात लपवायचं काही नाही. 1911 मध्ये सरावात व्हिक्टर सरिजचा मृत्यू झाला. तेव्हापासून टीटी आणि त्याच मार्गावरची मँक्स ग्रांप्री अशा शर्यतींत मिळून 260 हून जास्त रायडर गेलेत. 2022 च्या टीटीमध्ये काही दिवसांत पाच जण गेले. त्यात एकाच साइडकारवर बसलेले बाप आणि लेक होते. हे आकडे वाचून कोणी म्हणेल, हा खेळ बंदच करा. तसं म्हणणारे बेटावरही आहेत, बाहेरही आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

1972 मध्ये पावसात जिल्बेर्तो पार्लोत्तीचा मृत्यू झाला. त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी, ज्याने दहा टीटी जिंकल्या होत्या, म्हणाला, मी इथे पुन्हा शर्यत करणार नाही. आणि तो आला नाही. तेव्हा टीटी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा भाग होती. म्हणजे पॉइंट हवे असतील तर यावंच लागायचं. मोठमोठे रायडर नाही म्हणू लागले. 1976 नंतर टीटी त्या मालिकेतून बाहेर पडली आणि ब्रिटनची फेरी सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर गेली.

अनेकांना वाटलं, संपली टीटी. संपली नाही. पण एक गोष्ट बदलली. त्यानंतर इथे जो येतो, तो पॉइंटच्या सक्तीने येत नाही. त्याला यायचं असतं म्हणून येतो. त्याने हो म्हटलेलं असतं, समजून-उमजून. आगोस्तिनीच्या 'नाही'मुळे बाकीच्यांच्या 'हो'ला अर्थ आला, असं मला वाटतं.

रविवार सकाळ

आणि आता मॅड संडे. शर्यत संपते, मार्गावरून एक गाडी फिरते, तिच्यावर पाटी असते 'रोड्स ओपन'. ती गेली की रस्ता पुन्हा सगळ्यांचा. बस, भाजीवाला, शाळेची गाडी, आणि हजारो पाहुणे बाइकवाले.

अनेक दशकं रविवारी हे सगळे डोंगराकडे निघायचे. रॅम्झी गावातून हेअरपिन घेऊन चढ सुरू होतो. वर बंगलो नावाची जागा आहे. तिथे डोंगरावर जाणाऱ्या विजेच्या छोट्या रेल्वेचे रूळ रस्ता ओलांडतात. तिथेच जोई डनलपचा पुतळा आहे, बाइकवर बसलेला. त्याने इथे 26 टीटी जिंकल्या. हा विक्रम 2024 मध्ये त्याचाच पुतण्या मायकल डनलपने मोडला. पुढे उतार, विंडी कॉर्नर, आणि क्रेग-नी-बा नावाचा पब. तिथून खाली डग्लस शहर आणि समुद्र. दृश्य असं, की गाडी उभी करून बघत राहावं.

पण सगळेच बघत बसत नाहीत. या बेटावर आजही सरसकट राष्ट्रीय वेगमर्यादा नाही. गावांत मर्यादा आहे, पण डोंगरावर मोकळ्या रस्त्यावर नाही. काल ज्या वळणावर चॅम्पियन बघितला, त्याच वळणावर आज आपण. डोक्यात काय चालत असेल, सांगायला नको. म्हणून तर नाव पडलं वेडा रविवार. या रविवारी अपघात होत आलेत, आणि त्यात पडणारे अनेकदा पाहुणेच.

बेटाने यावर जे उत्तर काढलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी पाहुण्यांना हाकललं नाही. टीटीच्या काळात डोंगरावरचा रस्ता एकदिशा केला. रॅम्झीकडून चढायचं, डग्लसकडे उतरायचं, उलटं येणं बंद. म्हणजे वेड्या रायडरच्या समोर मासळीची गाडी येणारच नाही, अशी व्यवस्था. 1904 मध्ये शर्यतीसाठी रस्ता बंद करायचं शिकले, 1928 मध्ये सरावासाठी, आणि नंतर उघड्या रस्त्यावरही समोरासमोर टक्कर होणार नाही असं बघितलं. प्रत्येक पायरीमागे कोणाचा तरी जीव आहे.

एकदिशा रस्त्यानेही सगळं सुटत नाही, हे खरं. मागचा पुढच्याला ठोकू शकतो, धुक्यात वळण चुकू शकतं. पण निदान ज्याने हो म्हटलं नाही, त्याच्यावर थेट धोका लादणं कमी झालं.

आपला रविवार

आता आपल्याकडे या. शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या ताम्हिणी, सहा वाजता चांदणी चौक.' पुढे लीड, मागे स्वीप, मध्ये दहा-बारा जण. वाटेत मिसळ, चहा, फोटो. मस्त असतं, प्रश्नच नाही. पावसाळ्यात ताम्हिणी बघितलेल्या माणसाला आइल ऑफ मॅनचं फार अप्रूप वाटणार नाही, पैज लावतो.

पण दर ग्रुपमध्ये एक-दोघे असतात, ज्यांच्यासाठी घाट म्हणजे रेसट्रॅक. हेल्मेटवर कॅमेरा, गुडघा खाली, दुहेरी पट्टी ओलांडून ओव्हरटेक. आणि वळणापलीकडून काय येतं? एसटी येते. कोलाडकडून दुधाचा टेम्पो येतो. टॉपबॉक्स लावून कुटुंब घेऊन निघालेला स्कूटरवाला येतो. आणि कोकणातून येणारी खरीखुरी मासळीची गाडीसुद्धा येते, बर्फाचं पाणी गळत.

आपल्या कायद्यातही हे लिहिलंय. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सांगतं, की राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. म्हणजे टिनवॉल्डने 1904 मध्ये जे ठरवलं, तेच तत्त्व: रस्त्यावर शर्यत हवी असेल, तर आधी परवानगी घ्या आणि तेवढा वेळ तो रस्ता इतरांसाठी राहू देऊ नका. परवानगी नसेल, तर तो रस्ता मासळीवाल्याचा आहे.

अनेक जण म्हणतात, आइल ऑफ मॅनवर चालतं ना, मग आपल्याला का टोकता? ते लोक टीटीचे व्हिडिओ बघतात, टीटीचा इतिहास नाही. त्या बेटाने शंभरहून जास्त वर्षं एकच काम केलंय: शर्यत आणि सहल यांच्यामधली रेघ जाड करत नेली. कायदा, बंद रस्ता, कोपऱ्याकोपऱ्यावर स्वयंसेवक मार्शल, 'रोड्स ओपन' पाटीची गाडी, एकदिशा डोंगर. व्हिडिओत फक्त वेग दिसतो. ही रेघ दिसत नाही. आपण घाटात नक्कल करतो ती वेगाची, आणि रेघ मात्र तिथेच सोडून येतो.

वेगाची हौस असेल, तर चेन्नईजवळ ट्रॅक आहे, कोइमतूरला ट्रॅक आहे. तिथे ट्रॅक डे असतात, सगळे एकाच दिशेने जातात, आणि तिथे आलेल्या प्रत्येकाने हो म्हटलेलं असतं. खर्च होतो, लांब आहे, मान्य. पण मग तोच खरा वीकेंड करा ना: एक दिवस ट्रॅकवर, दुसऱ्या दिवशी निलगिरीच्या रस्त्याने सावकाश, चहा पीत. शर्यत शर्यतीच्या जागी, सहल सहलीच्या जागी.

जाता जाता बेटाचं बोधचिन्ह सांगतो. तीन पाय, एकमेकांना जोडलेले, चाकासारखे. खाली लॅटिनमध्ये ब्रीदवाक्य, अर्थ असा: कसंही फेका, उभाच राहील. बेटासाठी ते खरं असेल. बाइकवरच्या माणसासाठी नाही. आणि समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्यासाठी तर मुळीच नाही.

या रविवारी ग्रुपवर मेसेज टाकाल, तेव्हा हा भाग पण सोबत टाका. खास करून त्या एक-दोघांना टॅग करून. कोण ते तुम्हाला माहीत आहे!

भेटू पुढच्या भागात. तोवर सावकाश चालवा, आणि वळणावर हॉर्न द्या.